बाबांच्या गळ्यावरचा अंगठा

२ फेब्रुवारी

दादा,

कोणी मेलेलं नाही. हे आधीच सांगते, कारण "ते गेले की कळव, त्याआधी नको" असं तूच म्हणाला होतास, आणि पाकिटावर माझं अक्षर बघून तू तेच समजला असशील. ते आहेत. माझ्याकडेच आहेत. आत्ता गॅलरीत बसून टाळ्या वाजवतायत. गाणं म्हणता येत नाही म्हणून नुसत्या टाळ्या.

बातमी अशी की बाबा बाप्तिस्मा घेणार आहेत.

हसून घे. मी थांबते.

घशाचं ऑपरेशन झालं एवढं मामानं तुला कळवलं होतं. त्यापुढचं कळवलं नसणार, मामाला रक्ताच्या गोष्टी सांगता येत नाहीत. बाबांचं स्वरयंत्र अख्खं काढलंय. आता शर्टाचं वरचं बटण असतं ना, तिथे त्यांना एक भोक आहे. श्वास तिथून घेतात. नाकाचा आणि फुप्फुसाचा काडीमोड झालाय. तोंड खायला, नाक चष्मा ठेवायला. भोकाच्या आत मागच्या बाजूला एक छोटी झडप बसवलीय. बोलायचं असलं की आधी श्वास घ्यायचा, अंगठ्यानं भोक बंद करायचं, मग आतली हवा झडपेतून घशात जाते आणि आवाज निघतो. जाडाभरडा, गंजलेल्या फाटकासारखा, आणि बारीक. शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही. अंगठा काढला की आवाज बंद, श्वास चालू. एका वेळी एकच काम. हा नियम आपल्या लहानपणी असता तर, असं तू म्हणशील. माझं म्हणून झालंय.

रोज सकाळी ते भोक मी साफ करते. टॉर्च, चिमटा, ओला कापूस. तू विचारणार नाहीस, पण मी करते आणि मला किळस येत नाही. दुकानात दिवसभर लोकांच्या कानात बघत असते, त्यातलाच प्रकार.

तर येशू कुठून आला. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर एक रिटायर झालेला बस ड्रायव्हर होता. त्याला बोलता येत होतं आणि बाबांना नव्हतं. विचार कर. समोरचा बोलतोय आणि बाबांना मधेच तोडता येत नाहीये, हे त्यांच्या जन्मात पहिल्यांदा घडत होतं. तो सकाळपासून येशूबद्दल बोलायचा. बाबा पाटीवर मोठ्या अक्षरात "पुरे" असं लिहून दाखवायचे. तो वाचून खूश व्हायचा आणि म्हणायचा, "अगदी बरोबर, त्याची कृपा पुरेच आहे." सिस्टर हसून बेजार.

ड्रायव्हर वारला. बाबा त्याच्या प्रार्थनेला गेले, आणि मग दर रविवारी त्याच्या चर्चमध्ये जायला लागले. मी जिन्यापर्यंत सोडते आणि परत येते.

माझी तक्रार काय आहे, तर ते आनंदात आहेत. सकाळी उठून खिडक्या उघडतात. खालच्या कुत्र्याला ब्रेड घालतात. मला "झोप झाली का" विचारतात, अंगठा लावून, म्हणजे त्यासाठी श्वास खर्च करतात. मी विचारलं एवढं काय झालंय. म्हणाले, "सगळं धुतलं गेलं, बारके. देवानं माझी पापं समुद्राच्या तळाशी टाकली. आता तो स्वतःसुद्धा आठवत नाही."

मी म्हटलं, "देवाची मजा आहे."

कळवायचं होतं, कळवलं. उत्तराची अपेक्षा नाही.

बारकी


१९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. बरं.

परवा पाळक घरी आले होते. पाळक म्हणजे बाबांच्या मंडळीचे पास्टर. फ्रिज दुरुस्तीही करतात, त्यामुळे कुणाकडे गेले की बोलता बोलता स्वयंपाकघराकडे कान लावतात. आमच्याकडे पाणी प्यायच्या आधीच म्हणाले, "कॉम्प्रेसर दमलाय तुमचा." मग मुद्द्यावर आले. मुद्दा असा की बाबांना बाप्तिस्मा देता येणार नाही.

त्यांच्या मंडळीत माणसाला पाण्यात अख्खं बुडवतात. हॉलच्या पुढच्या भागात फळ्या उचलल्या की खाली टाकी आहे, तिच्यात. जुना माणूस पुरला आणि नवा वर आला, असा त्याचा अर्थ. आता बाबांना असं बुडवलं तर पाणी थेट छातीत जाणार. नवा वर यायचा राहील आणि जुनाच जाईल.

"गरजही नाही," पाळक म्हणाले. "पाण्यानं तारण होत नाही, विश्वासानं होतं. येशूच्या शेजारी जो चोर खिळला होता, तो कुठे पाण्यात उतरला होता? पण त्याच दिवशी स्वर्गात गेला ना."

बाबांनी अंगठा लावला. "त्याचे हात खिळलेले होते. माझे मोकळे आहेत."

"डोक्यावर शिंपडू. तुमच्यासाठी म्हणून आम्ही—"

"पाप काय नुसत्या डोक्यानं केलं? अख्ख्या अंगानं केलं."

पाळक माझ्याकडे बघायला लागले. मी चहाचे कप उचलत होते. मला गप्प बसता आलं असतं.

"कुठलं पाप?" मी विचारलं.

"सगळं," बाबा.

"त्यातलं एखादं सांगा की."

"देवाला सांगितलंय."

"आणि दादाला?"

बाबांनी अंगठा काढला. ही सोय त्यांना छान झालीय. भांडण नको असलं की नुसता श्वास घ्यायचा. भोकातून बारीक शिट्टी येत राहिली आणि पाळक फ्रिजकडे बघत राहिले.

त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, "एवढं स्वस्त असतं का हो हे? ज्याचं नुकसान केलं त्याला विचारायचं नाही, परस्पर वर मिटवायचं?"

"स्वस्त नाही, फुकट आहे," पाळक म्हणाले. "स्वस्त असतं तर लोकांना परवडलं असतं. फुकट म्हटलं की कुणालाच पटत नाही."

"मला पण नाही पटलं."

"मला पण रोज पटत नाही," म्हणाले, आणि दोन पायऱ्या उतरून परत वर आले. "पण तुमच्या भावाचं तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. देवानं माफ केलं म्हणून भावानं करायलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. मात्र वडिलांना तोंड लपवायला देवाची पाठ मिळालीय असं असेल, तर ते मला बघावं लागेल."

वर येऊन बघते तर बाबा अंगठा लावून तयार.

"मी त्याला दम शिकवत होतो."

हे वाक्य मी किती वर्षांनी ऐकलं. तू कुठे बसून हे वाचतोयस ठाऊक नाही, पण खिडकी असेल तर जरा उघड.

आई पण हेच म्हणायची ना. दम वाढवतायत पोराचा. गावचे, म्हणजे अख्ख्या शहराचे जीवरक्षक, पोहण्याच्या तलावावर त्यांचा फोटो लावलेला, बुडणारी परकी पोरं केसाला धरून बाहेर काढणारे. ते स्वतःच्या मुलाला दम शिकवणार नाहीत तर कुणाला. तलाव बंद झाला, लोक गेले, की शिकवणी सुरू. ज्या दिवशी तुझे मार्क कमी, ज्या दिवशी साहेब त्यांना बोललेले, ज्या दिवशी कुणीतरी फाटक उघडं ठेवलेलं, त्याच दिवशी तुझा दम कमी पडलेला असायचा. त्यांचा हात तुझ्या मानेवर. मी पायरीवर टॉवेल घेऊन. मला पोहायला कधीच शिकवलं नाही त्यांनी, याचं मला तेव्हा वाईट वाटायचं. बघ.

मी बाबांना म्हटलं, "दम शिकवताना माणूस घड्याळ बघतो. तुम्ही घड्याळ बघायचा नाहीत."

ते उठून गॅलरीत गेले. टाळ्या मात्र वाजवल्या नाहीत.

बारकी


६ मार्च

दादा,

बाबा हटत नाहीत. त्यामुळे मी एक उपाय काढला. काढायला नको होता, पण आपल्याला एखादी वस्तू बनवता येत असली की हात शिवशिवतात.

आमच्या दुकानात श्रवणयंत्रासाठी कानाचे साचे घेतात हे तुला माहितेय. दोन लगदे मळायचे, कानात भरायचे, ते घट्ट झालं की हुबेहूब कान बाहेर येतो. तर मी बाबांच्या भोकाचं माप घेऊन त्याच गुलाबी मालाचं एक बूच बनवलं. बाहेरून चपटं, आतून जरा निमुळतं. घासून गुळगुळीत केलं. इतकं सुबक झालं की मालकानं विचारलं कुठल्या गिऱ्हाइकाचं आहे.

ते घेऊन आम्ही हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी बूच हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि टेबलावर ठेवलं.

"छान आहे. आत ओढलं गेलं तर रडायचं कुणाच्या नावानं?"

"मग काय करायचं?"

"घरी बसायचं. देवाला घर चालत नाही का?" मग बाबांचा चेहरा बघून जरा मऊ झाल्या. "करायचंच असेल तर अंगठा. पूर्ण श्वास भरून घ्या, अंगठा घट्ट दाबा, आत जा, बाहेर या. एक लक्षात ठेवा, बाहेर आल्या आल्या काढायचा नाही. मानेवरून पाणी ओघळत असतं, ते पहिल्याच श्वासाबरोबर आत जाईल. सगळं निथळू द्या, मग काढा."

बाबा म्हणाले, "सोपं आहे. रोजच लावतो."

शनिवारी हॉलमध्ये कोरडी तालीम झाली. टाकीत नाही, सतरंजीवर. मी हजर होते. बाहेर ऊन फार होतं म्हणून मागच्या खुर्चीवर बसले होते. हॉल म्हणजे एक लांबट खोली आहे, खाली टायरचं दुकान, रबराचा वास वरपर्यंत येतो. एका बाजूला पाळक, मधे बाबा, आणि टाकी भरणाऱ्या काकू हातात खराटा घेऊन देखरेखीला.

बाबांनी श्वास घेतला, अंगठा लावला. पाळकांनी एक हात पाठीला दिला, दुसऱ्या हातानं खिशातून घडी केलेला रुमाल काढला आणि बाबांचं नाक दाबलं. इतकी वर्षं ज्याला बुडवायचं त्याचं नाक दाबायचं, हात आपोआपच गेला.

काकू म्हणाल्या, "पाळक, नाकाला कुलूप लावून काय उपयोग? दार खालच्या मजल्यावर आहे."

पाळक ओशाळले, पण रुमाल काही खिशात गेला नाही. बाबांना त्यांनी मागे झुकवलं. पाठ सतरंजीला टेकायच्या आत बाबांचे दोन्ही हात सुटले आणि हवेत वल्ह्यांसारखे फिरायला लागले. भोक उघडं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा काकूंनी हात बांधायचं सुचवलं. आयुष्य पाण्यात काढलेला माणूस आहे, मागे पडतोय म्हटलं की हात पोहायला लागतात. त्यांच्या डोक्याचं ऐकतच नाहीत.

पाळक म्हणाले, "माझा एक हात पाठीला लागणार, एक पुढे. काकूंचे हात थरथरतात. दुसरं कोणीतरी पाण्यात उतरावं लागेल. ज्याला जागा नीट माहितेय असं."

बाबांनी मागच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

मी उठून बाहेर आले आणि टायरच्या दुकानासमोर उभी राहिले. बाबा मागून आले. त्यांना जिना उतरला की धाप लागते, ती पुरी होईपर्यंत आम्ही दोघं टायर बघत होतो.

"तुला रोजची सवय आहे," ते म्हणाले.

"म्हणून मी?"

"म्हणून."

मी विचार करते असं सांगितलं. करतेय. पण हे एकटीनं ठरवायचं नाही असं मला वाटतं, म्हणून तुला विचारतेय. ते पाण्याखाली जाणार. त्यांचा श्वास माझ्या अंगठ्याखाली. मी हो म्हणू का? आता उत्तराची अपेक्षा आहे.

बारकी


२१ मार्च

तुझं कार्ड आलं.

एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. चारच शब्द, आणि सही नाही.

"अंगठा जरा उशिरा काढ."

वाचून मी हसले. दुकानात, एका म्हाताऱ्या बाईच्या कानात लगदा असताना. तिनं विचारलं काय झालं, तिला तसंही ऐकू येणार नव्हतं. मग कार्ड पर्समध्ये ठेवलं. बाबांनी ते बघितलं होतं, "कुणाचं?" विचारलं. मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानाचं.

तू गंमत केलीस की खरंच सांगितलंस, हे मला कळत नाही. तुझा चेहरा समोर असता तर कळलं असतं. तुझा चेहरा शेवटचा आई गेली तेव्हा बघितला, आणि तेव्हाही तू त्यांच्याकडे पाठ करून उभा होतास, त्यामुळे मला अर्धाच दिसला.

एक सांग. आपल्या तिघांच्या जागा ठरलेल्या होत्या. तू पाण्याखाली, ते वर हात ठेवून, मी टॉवेल धरून. आता पहिल्यांदा जागा बदलतायत, आणि तू मला त्यांची जागा देतोयस. माझी नको होती, पण ती तरी हवी आहे का मला?

हे रागानं लिहिलं नाहीये. खरं तर काहीच वाटून लिहिलं नाहीये. पाऊण तास बसून एवढंच झालं.


२८ मार्च

दादा,

मी हो म्हटलंय. तुझ्या कार्डामुळे नाही, आणि तुझ्या कार्डाला न जुमानताही नाही.

आधी पाळकांकडे गेले होते. ते हॉलच्या मागच्या खोलीत कुणाचातरी फ्रिज उघडून बसले होते. येशूच्या कामात पोट भरत नाही, म्हणाले, त्यालाही सुतारकाम होतंच.

मी सरळ विचारलं, "मी त्यांना माफ केलेलं नाही. तसाच अंगठा धरला तर चालेल?"

"तुमचा बाप्तिस्मा आहे का?"

"नाही."

"मग चालेल."

"आणि पाण्यात असताना माझ्या मनात वाईट काही आलं तर?"

पाळकांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मला वाटलं आता प्रार्थना करू म्हणतील. "मन चांगलं असलेलीच माणसं पाण्यात उतरायला हवी असती," ते म्हणाले, "तर मी त्या टाकीत एकदाही उतरलो नसतो. मला एवढंच सांगा, तुम्हाला काढता येईल ना अंगठा?"

"येईल."

"मग बास. बाकीचं तो बघेल."

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते कापूस फाडून गोळे करत होते, सकाळसाठी.

"धरेन मी."

मान हलवली.

"माफ केलं म्हणून नाही."

"माहितेय."

"मग भीती नाही वाटत?"

त्यांनी गोळा खाली ठेवला, अंगठा लावला. श्वास तसाच कोंडून बसले. मग म्हणाले, "वाटते."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तूही नसशील.

रविवारी आहे. यावंस असं म्हणत नाही.

बारकी


९ एप्रिल

दादा,

सगळं झालं त्याला आता काही दिवस झाले. लगेच लिहायला बसले होते, पण दोन कागद फाडले. एकात मी फार चांगली वाटत होते आणि एकात फार वाईट. हा तिसरा.

फळ्या उचललेल्या होत्या. टाकी तलावापेक्षा अर्थातच लहान, पांढऱ्या फरशीची, छातीभर पाणी. काकूंनी सकाळपासून पातेल्यांनी गरम पाणी ओतून ते कोमट केलं होतं. खुर्च्यांवर मंडळी, पुढे पोरंटोरं. बाबांना पांढरा झगा, गळ्याशी मोठा कापलेला. मी जुनी ट्रॅक पँट आणि काळा शर्ट घालून गेले होते. काकू म्हणाल्या, "तू चोरी करायला आल्यासारखी दिसतेस." मग माझ्या केसांना स्वतःचा रबर लावून दिला.

आधी साक्ष द्यायची असते, म्हणजे आपण कोण होतो आणि प्रभूनं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. बाबा काठावर उभं राहून बोलले. माईक भोकाजवळ धरावा लागला. ऑपरेशनबद्दल बोलले. सिगारेटबद्दल बोलले. ड्रायव्हरबद्दल, "पुरे"बद्दल, लोक हसले. मी वाट बघत होते. तलाव नाही, तू नाही, दम नाही. "मी पापी होतो," एवढ्यात सगळं बसवलं. लोकांनी आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही.

मग आम्ही तिघं उतरलो. पाळक उजवीकडे, मी डावीकडे. पाळकांनी विचारलं, येशू ख्रिस्त तुमचा तारणारा आहे असा तुमचा विश्वास आहे का. बाबांनी स्वतःचा अंगठा लावून "आहे" म्हटलं. अंगठा काढला. माझ्याकडे बघितलं. छाती भरून श्वास घेतला, आणि दोन्ही हात छातीवर घट्ट आवळून धरले. मी अंगठा लावला.

पाळकांनी पित्याच्या, पुत्राच्या असं म्हटलं, रुमाल काढला, नाक दाबलं. मंडळीतून काकूंचं "अरे देवा" ऐकू आलं. आणि ते खाली गेले.

पाण्यात डोळे उघडे होते त्यांचे. मी वरून बघत होते. हात सुटले नाहीत.

मग पाळकांनी त्यांना वर घेतलं. टाळ्या सुरू झाल्या. बाईंनी सांगितलं होतं तसं मी अंगठा दाबून ठेवला. केसांतून पाणी आलं, कानामागून आलं, मानेवरून ओघळलं, माझ्या मनगटावरून खाली गेलं. मग थेंब थेंब. मग थेंबही थांबले.

मी अंगठा काढला नाही.

तुझं कार्ड तेव्हा डोक्यात होतं का, ते खरंच सांगता येत नाही. साक्ष होती. "मी पापी होतो" होतं. पाळकांना वाटलं अजून पाणी आहे, ते पाठीवर हात ठेवून थांबले. बाबांना कळलं. पाण्यातला माणूस आहे, श्वास कुणी अडवला हे त्यांना कळायला वेळ लागत नाही. मी वाट बघत होते की ते माझं मनगट धरतील. मोकळे होते हात. त्यांनी धरलं नाही. ओठ पांढरे होत चालले होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

आणि मग ते बोलले. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की भोक बंद आहे म्हणजे त्यांना बोलता येतं. आवाज मला कानाच्या आधी अंगठ्यात लागला, गुरगुरल्यासारखा. टाळ्यांमधे तो फक्त मलाच ऐकू आला.

"त्याला मी किती वेळ धरायचो?"

मी म्हटलं, "यापेक्षा जास्त."

त्यांनी मान हलवली. छातीत उरलेली हवा होती तेवढ्यात म्हणाले, "मग धर."

मी अंगठा काढला.

का काढला ते विचारू नकोस. पाळकांचं "फुकट" मला त्या क्षणी आठवलं असतं तर गोष्ट छान झाली असती. नाही आठवलं. दया आली असंही नाही. अंगठा काढला, एवढंच. ते इतक्या जोरात श्वास घेऊ लागले की पुढच्या खुर्चीवरचं एक पोर घाबरून आईला बिलगलं. मग खोकले, आणि जे काय बाहेर आलं ते पाळकांच्या बाहीवर. पाळक म्हणाले, "आमेन."

मागच्या खोलीत, कुणाच्यातरी उघड्या फ्रिजशेजारी, बाबा स्टुलावर बसले आणि मी त्यांचं डोकं पुसलं. पुसून होईपर्यंत त्यांनी अंगठा लावला नाही. मग लावला.

"मी दम शिकवत नव्हतो."

"मग?"

"राग यायचा. तो तिथे मुकाट असायचा." थांबले, श्वास घेतला, परत अंगठा. "मजा वाटायची मला, बारके. नंतर भूक लागायची चांगली."

हे मी तुला जसंच्या तसं लिहितेय. सौम्य करून लिहिलं होतं, तो कागद फाडला.

"हे देवाला सांगितलं होतंत?"

"त्याला माहीत होतं," बाबा म्हणाले. "मी सांगताना 'सगळं' म्हणालो होतो."

मग मी त्यांना तुझ्या कानाचं सांगितलं. एका उन्हाळ्यात पाण्याखाली तुझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला, तेव्हापासून त्या कानानं ऐकू येत नाही, आणि तू आईला आणि मला शपथ घातली होतीस, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटायचं तू मुद्दाम लक्ष देत नाहीस. त्याबद्दल तुला वेगळा मार मिळायचा, त्याची मी आठवण करून दिली नाही. त्यांचं त्यांनाच आठवलं असावं. बराच वेळ अंगठा गळ्यापर्यंत जायचा आणि परत मांडीवर यायचा.

त्या दिवसापासून घरात टाळ्या नाहीत. आनंद गेलाय असं नाही, खिडक्या उघडतात, कुत्र्याला ब्रेड आहे. पण मधेच थांबतात. मी पाळकांना विचारलं, माफी मिळालेल्या माणसाचं असं होतं का. ते म्हणाले, आता कुठे ती त्यांनी उघडून बघितलीय.

परवा बाबांनी विचारलं, "त्याला बोलावतेस?"

मी म्हटलं, "नाही. तुम्ही जा."

तर ते येतायत. सत्तावीस तारखेला, सकाळच्या गाडीनं. मी बरोबर आहे, पण तुझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबेन, वर येणार नाही. मी अंगठा काढला तो माझ्यापुरता. तुझ्या वतीनं मी काही दिलेलं नाही आणि काही सोडलेलंही नाही, आणि हे त्यांना नीट समजावलंय. देवानं माफ केलंय हे त्यांनी तुझ्या दारात उच्चारायचं नाही, असंही सांगितलंय. त्यावर ते म्हणाले, "मी त्याला माफ कर म्हणायला जात नाहीये. काय केलं ते म्हणायला जातोय." तेवढं बोलायला त्यांना मधे बऱ्याचदा श्वास घ्यावा लागेल.

दार उघडायचं की नाही ते तू बघ. ते बेल एकदाच वाजवतील. उघडलं नाहीस तर थोडं थांबून खाली येतील, आणि आम्ही परत जाऊ, मी तुला पुन्हा याबद्दल लिहिणार नाही.

उघडलंस, तर ते तुझ्या उजव्या बाजूला उभे राहतील.

बारकी